मुनव्वरचे ताकाने धुतलेले गडी

नंदुरबारच्या मिरची बाजारात मुनव्वर हमाली करायचा आणि संध्याकाळी हमालांना हुतूतू शिकवायचा. संघ कसला, पोती वाहून पाठी सोललेल्या सात माणसांची टोळी! चार वर्षांत एक सामना जिंकला असेल तर शपथ. तरी हा पठ्ठ्या शिव्या-लाथा घालून सराव करून घ्यायचा. सामन्याआधी मात्र सगळ्यांचे हात ताकाने धुवायला लावायचा, नखंसुद्धा तपासायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची.

१९२१ साली एका सामन्यात तापीकाठच्या प्रकाशा गावच्या जामसिंगला पकडताना मुनव्वरने तळहाताला तिखट चोळलं होतं. जामसिंगचा एक डोळा गेला. बाजाराने मात्र मुनव्वरला खांद्यावर नाचवलं, आणि ती मर्दुमकी हमाल अजून मिटक्या मारत सांगायचे. आता चौदा वर्षांनी त्याच प्रकाशाच्या संघाला, तापीच्या रेतीत, जामसिंगच्या देखत मुनव्वरला एकदा स्वच्छ हातांनी हरवायचं होतं. त्याशिवाय त्याला मरणही गोड लागलं नसतं.

त्या दिवशी खेळ थोडा आणि मारामारीच जास्त झाली. कोपरं छातीत बसली, ओठ फाटले, एकाचा खांदा निखळला. शेवटी दोन्हीकडे एकेकच गडी उरला. प्रकाशाकडून जामसिंगचा मुलगा इंद्रसिंग 'हुतूतू' घुमवत चढाईला आला. मुनव्वरच्या उरलेल्या गड्याने, हारुनने, कंबरेला खोचलेली पुडी फोडली आणि मूठभर तिखट त्याच्या तोंडावर घासलं. दम तुटून इंद्रसिंग किंचाळत रेतीत लोळला. हारुन मुनव्वरकडे बघून हसत होता. उस्तादाचाच डाव त्याने उस्तादाला जिंकून दिला होता.

मुनव्वरने धावत येऊन त्याला अशी ठेवून दिली की दोन दात रेतीत पडले. मग तो इंद्रसिंगच्या छातीवर बसला आणि दुधासाठी ओरडू लागला. लोकांना वाटलं, बापाचा डोळा घेतला, आता हा पोरालाही संपवतोय. त्याच्या पाठीत काठ्या बसू लागल्या. इंद्रसिंगची आई दगूबाई तेवढी समजली. तिने लोटा आणून दिला. मुनव्वर पापण्या फाकवून दुधाची धार सोडत राहिला. बरगडी मोडली तरी त्याने हात आडवा घातला नाही.

जामसिंगने गर्दी रेटून एकाची काठी हिसकावली, तेव्हा मार थांबला. तो मुलाजवळ वाकला.

"दिखस का रे?"

इंद्रसिंगने लालभडक डोळे उघडले. आधी एक झाकून पाहिला, मग दुसरा.

"दिखस, बा. दोन्हीघाई दिखस."

पंचांनी सामना प्रकाशाला दिला. मुनव्वरला ते ऐकूही आलं नाही. तो जामसिंगच्या पायाशी बसून, मोडकी बरगडी धरून, ढसाढसा रडत होता.