उघड्या डोक्याचा नियम

"आधी पाय दखाडा, भाऊ."

खेळाच्या खोलीच्या दारात उभे राहून नाना एवढंच म्हणत. समोरचा माणूस, मग तो इंजिनाचा ड्रायव्हर असो की तापीकाठच्या एखाद्या पाटलाचा मुलगा, मुकाट्याने एक पाय पुढे करी. नानांची नजर बुटाच्या टोकावरून वर चढत जाई. विजारीची इस्त्री, जाकिटाची बटणं, गळ्यातला टाय आणि शेवटी डोकं. तिथे ती थांबली की त्यांचा हात पुढे होई. टोपी किंवा पागोटं त्या हातात द्यायचं आणि आत जायचं. ते वस्त्र नाना दोन्ही हातांनी घेत आणि खुंटीवर असं अलगद ठेवत, की देणाऱ्याला उगीचच बरं वाटे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबारच्या मालधक्क्यावर नाना बडे कारकून होते आणि मी नाशिककडून येऊन त्यांच्या हाताखाली नवाच लागलो होतो. स्टेशनामागे रेल्वेच्या नोकरांसाठी एक बैठं कौलारू घर बांधलेलं होतं. त्यात चार खुर्च्या, जुनी वर्तमानपत्रं आणि मधोमध हिरव्या कापडाचं बिलियर्डचं मोठं टेबल. त्या टेबलावर आम्ही पूल खेळत असू. काठीने आपला चेंडू मारायचा आणि दुसऱ्याचा चेंडू टेबलाच्या खिशात घालायचा, असा तो खेळ. थंडीत त्याचे सामने भरत. अमळनेरहून, नवापूरहून, पार सुरतेकडूनही खेळणारे येत.

सामन्यांसाठी कपड्यांचा नियम आमच्या गोऱ्या साहेबाने घातलेला होता. पांढरा सदरा, काळं जाकीट, काळी लांब विजार, टाय, कातडी बूट आणि उघडं डोकं. पागोट्याचा शेमला लोंबून चेंडूला लागतो आणि वरच्या बत्तीची सावली टेबलावर पडते, हे साहेबाचं कारण. नानांचं कारण वेगळं होतं. मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "बाहेर पागोटं पाहीसनी लोके माणूसले वळखतस. आठे समदा सारखा दिसाले पाहिजेत. मंग खेळ दिसस."

तुम्ही त्या काळातला बाजार पाहिला असेल तर त्यांचं म्हणणं तुम्हाला लगेच कळेल. पागोट्याच्या वळ्यावरून जात समजे, गाव समजे, जमीन किती हेही समजे. त्या खोलीत मात्र काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली आठ-दहा माणसं टेबलाभोवती फिरत असत आणि कोण कोणाचा हे नव्या माणसाला सांगता येत नसे.

नियम कडक होता, पण त्यासाठी लागेल ती मदत नाना करत. खोलीच्या मागे एका पेटीत त्यांनी सदरे, जाकिटं आणि टाय जमवून ठेवले होते. कुणाकडे काही कमी असलं तर ते त्याला मागच्या बाजूला नेत आणि दोन मिनिटांत तो माणूस टाय सारखा करत बाहेर येई. अमळनेरचा एक गलेलठ्ठ गार्ड होता. चेंडूवर वाकताना त्याचं जाकीट पाठीवर टरकन उसवलं आणि सगळे हसले. नानांनी सुईदोरा आणला आणि त्याला तसाच उभा ठेवून जाकीट शिवून दिलं. "श्वास नका लेऊ, भाऊ," ते म्हणाले. गार्डाने खरंच श्वास धरला. हसू त्या दोघांनाच आलं नाही.

एका वर्षी नवापूरहून इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन आला. त्या डोंगराळ भागातल्या कोकणी जमातीच्या ख्रिस्ती शेतकरी घरातला, मिशनच्या शाळेत शिकलेला, अबोल. सदरा, विजार सगळं ठीक होतं. पायात काही नव्हतं. लहानपणापासून डोंगर अनवाणी तुडवून त्याचे पंजे असे पसरले होते की आमच्यापैकी कुणाचाच बूट त्याला होईना. तो परत फिरू लागला. नानांनी त्याला बाकावर बसवलं, स्वतःचे बूट काढले, चाकूने दोन्ही बाजूंनी चिरले आणि त्याच्या पायांत घातले. मग वरून काळी नाडी बांधली. तो आत गेला आणि तीन सामने जिंकला. नाना ती सगळी संध्याकाळ थंडगार फरशीवर अनवाणी उभे होते. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर ते जुन्या चपला घालून आले आणि बुटांबद्दल बोलले नाहीत.

आता मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

नाना तापीकाठच्या एका खातेदार घरातले थोरले. धाकटा भाऊ शेती बघे. वडील म्हणजे गावातलं मोठं माणूस, डोक्याला भलं मोठं लाल पागोटं. मुलगा रेल्वेत लागला याचा त्यांना अभिमान होता. एकदा बाजाराला आले असताना, हा संध्याकाळी करतो तरी काय हे बघावं म्हणून ते स्टेशनामागच्या त्या घरापाशी आले. सामने चालू होते. म्हातारा व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहिला. आत नाना स्वतः खेळत होते, टेबलावर वाकलेले, डोकं उघडं.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी आमच्या भागात घरंदाज माणूस उघड्या डोक्याने चारचौघांत आला तर त्याचा एकच अर्थ होई. त्याचा बाप मेला.

नानांचं लक्ष गेलं तेव्हा ते काठी ठेवून बाहेर धावले. मी दारातच होतो. म्हाताऱ्याने मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी जित्ता शे ना आजून?" त्याने विचारलं.

म्हातारा वळला, गाडी जुंपली आणि जेवायला न थांबता गावाकडे निघून गेला.

त्यानंतर बाप लेकाशी बोलला नाही. नाना दर रविवारी गावाला जात. बापासमोर बसत. म्हातारा बायकोकडे तोंड करून म्हणे, "त्याले सांग, भाकर खाई ले." संध्याकाळ झाली की, "त्याले सांग, गाडीनी येळ व्हयनी." हे सगळं नाना मला सोमवारी सांगत, तेही आईच्या हातच्या भाकरीबद्दल सांगता सांगता. राग नसे. एकदा मात्र म्हणाले, "माय मधमा नसती, तर आम्ही दोन्ही मुकाच ऱ्हातूत."

"मग नियम सोडा ना, नाना," मी म्हटलं. "दारात दुसरं कुणी उभं राहील. तुम्ही खेळू नका."

"खेळ सोडसू, तं आबा बोलतीन," ते म्हणाले. "पन मंग मी त्यास्नाशी काय बोलू?"

त्याच सुमाराला सुरतेकडचा एक तरुण तारबाबू सामन्यांना आला. कपडे चोख, डोक्यावर काळी टोपी. नानांनी हात पुढे केला. तो म्हणाला, माझे वडील हयात आहेत, मी टोपी काढणार नाही. व्हरांड्यातले सगळे नानांकडे बघू लागले, कारण नानांच्या घरचं आम्हाला ठाऊक होतं. नाना हळूच म्हणाले, "मन्हा बी बाप शे, भाऊ. मी काढं." त्याने मान हलवली. नानांनी त्याला चहा पाजला, स्टेशनापर्यंत सोडायला गेले आणि सुरतेच्या गाडीत बसवून आले. आत मात्र घेतलं नाही.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका थंडीत नाना स्वतः शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. समोर तोच नवापूरचा फायरमन. नाना पन्नाशीला आले होते, हात थोडा कापू लागला होता, पुन्हा अशी संधी येणार नव्हती हे तेही जाणून होते. सामन्याच्या आदल्या दिवशी गावाहून माणूस आला. म्हातारा गेला होता. झोपेतच गेला, काही बोलायला वेळ मिळाला नाही.

साहेबाने सामना पुढे ढकलला.

तेराव्याला मी गावात होतो. अंगणात भाऊबंद जमले होते. नानांचं डोकं तुळतुळीत केलेलं, चेहरा उतरलेला. बापाचं पागोटं कुणाच्या डोक्याला बांधायचं याची कुजबुज चालू होती. शेती धाकट्याने सांभाळली, बापाचा अबोला थोरल्याशी होता, तेव्हा पागोटं धाकट्याला जाणार असं बहुतेकांना वाटत होतं. तेवढ्यात नानांचे चुलते उठले. थकलेले गृहस्थ, काठी टेकत पुढे आले.

"दादानी माले सांगेल व्हतं," ते म्हणाले. "मन्हं पागोटं मोठा पोऱ्यालेच बांधा."

धाकट्या भावाने स्वतः ते लाल पागोटं आणून चुलत्यांच्या हातात दिलं. ते नानांच्या डोक्याला बांधलं जात असताना नाना ताठ बसले होते. नंतर त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले आणि बराच वेळ काढले नाहीत. आतल्या दाराशी त्यांची आई उभी होती. बापलेकांमध्ये आता तिला निरोप पोचवायला काही उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सामना ठरला. संध्याकाळी खोली भरलेली होती. नाना खेळणार म्हणून दारात त्यांच्या जागी मी उभा राहिलो होतो. ते आले. बूट चकचकीत, विजारीला इस्त्री, जाकीट, टाय, आणि डोक्याला लाल पागोटं. उंबऱ्याच्या बाहेर ते थांबले. मी बाजूला झालो. ते आत आले नाहीत.

साहेब उठून दारापर्यंत आला. त्याला काय घडलंय याची कल्पना असावी. मोडक्या हिंदीत म्हणाला, "नियम हमने बनाया. आज चलेगा. आइए."

फायरमन काठी हातात घेऊन साहेबाच्या मागे उभा होता. "नाना, पागोट्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "तुम्ही या."

"तुले नही," नाना म्हणाले. "माले शे."

मग त्यांचा उजवा हात वर गेला. पागोट्याच्या काठाला बोटं लागली. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. तो हात तिथे किती वेळ होता कोण जाणे, पण शेवटी तो तसाच रिकामा खाली आला.

"बूट मांगता येतस, भाऊ," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "उघडं डोकं आते कोनाकडे मांगू?"

"साहेब स्वतः म्हणतायत, नाना," मी कळवळून म्हटलं.

"त्या टोपीवालाले मी परत धाडं. त्याना बी बापच व्हता. आते मी कसा आत येऊ?" त्यांनी फायरमनकडे पाहिलं. "मन्हं नाव काढी टाका. हाऊ जिकना."

फायरमनने काठी भिंतीला टेकवली आणि तो बाहेर आला. न खेळता कप घेणार नाही म्हणाला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "न खेळता कसा? आठेपर्यंत खेळतच ऊना ना तू?" ते म्हणाले. "घरना लोकेस्ले दखाड. ले." त्याने ऐकलं. नानांच्या शब्दाला तो नाही म्हणू शकत नव्हता. कप त्याला व्हरांड्यातच दिला गेला, कारण देताना नाना हवेत असं तो म्हणाला. साहेबाने टाळ्या वाजवल्या, मग आम्ही सगळ्यांनी. फायरमन रडत होता. नाना नव्हते.

चैत्रात नानांनी नोकरी सोडली. धाकट्याला एकट्याला शेती झेपेना, असं कारण त्यांनी दिलं आणि ते खरंही असेल. त्यांची खुर्ची मला मिळाली.

त्यानंतर ते मला कापसाच्या हंगामात भेटत. गाड्या भरून मालधक्क्यावर येत आणि खिडकीसमोर इतर शेतकऱ्यांच्या मागे उभे राहत. पहिल्या वेळी मी धावत बाहेर गेलो, आत चला म्हटलं, तुमचीच कचेरी आहे. ते हसले. "लोके मन्हा आधीथून थांबेल शेत, भाऊ. तू तुन्हं काम कर." त्यांचा नंबर लागायला दुपार झाली. खिडकीतून आम्ही दोन शब्द बोललो. आईची तब्येत, पाऊस, माझ्या मुलीची शाळा. मागचा माणूस चुळबुळला, तसे ते बाजूला झाले.

असे काही हंगाम गेले. मग लढाई सुरू झाली. खेळाची खोली बंद पडली, टेबल कुठे तरी नेलं. त्या वर्षी कापसाच्या गाड्या आल्या तेव्हा मी रांगेवरून दोन-तीनदा नजर फिरवली. ओळखीचे बैल दिसले, नाना दिसले नाहीत. खिडकीशी वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आला. नाकडोळे नानांचेच.

"नाना कुठे आहेत?" मी विचारलं.

"आबा नही शेत आते," तो म्हणाला. "पोळाना आधीच गयात."

मी त्याची पावती केली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती घडी करून बंडीत ठेवली, नमस्कार केला आणि तो गाड्यांकडे गेला. त्याच्यामागे पुष्कळ माणसं उभी होती. भर कामाच्या वेळात मालधक्क्याची ती खिडकी मी कधी लावली नव्हती. त्या दिवशी लावली. बाहेरच्यांनी ठोठावलं नाही. मी आत तसाच उभा राहिलो. बाहेर रिकाम्या गाड्या एकेक करून वळत होत्या, आणि त्यांच्या चाकांचा आवाज तापीच्या वाटेवर लांब जाईपर्यंत मला ऐकू येत होता.