‘सासऱ्याची सायकल’च्या कव्हरवरचा वाघ

गोंदिया जिल्ह्यात चाललोय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, “नागझिरा का? वाघ दिसला तर फोटो पाठव.” मी वाघाचाच फोटो काढायला गेलो होतो, पण तो वाघ जंगलात नव्हता. एका व्हिडिओ कॅसेटच्या कव्हरवर होता, आणि तो तिथे आहे यावर माझ्याशिवाय कुणाचाही विश्वास नव्हता.

झालं असं की ‘सासऱ्याची सायकल’ हा जुना कृष्णधवल सिनेमा एका कंपनीने या दिवाळीत नव्याने डिस्कवर काढला. साफ केलेली प्रिंट, जाड पुठ्ठ्याची पेटी, आत चाळीस पानांची पुस्तिका. जुन्या सिनेमांच्या संग्राहकांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. तिथे पाच दिवस दुसरा विषय नव्हता, पण सिनेमा कसा दिसतोय यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. भांडण सगळं पेटीवरून. पेटी काळी कुळकुळीत आणि मधोमध फक्त सायकलची घंटी. सोलापूरचे एक सद्गृहस्थ म्हणाले, ही पेटी चहापत्तीच्या दुकानात ठेवली तर कुणी वास घेऊन परत ठेवेल. दुसऱ्याने पट्टीने मोजून सांगितलं की कण्यावरची अक्षरं उलट्या बाजूने छापलीत, त्यामुळे कपाटात ओळीने उभं केल्यावर मान या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यावी लागते. तिसऱ्याने दोन पेट्या घेतल्या होत्या, एक उघडायला आणि एक न उघडायला. न उघडायची चुकून बायकोने उघडली, म्हणून त्याने तिसरी मागवली.

कोल्हापूरच्या मालतीताईंनी लिहिलं, “जुन्या कॅसेटचं कव्हरच खरं. पिवळी पार्श्वभूमी, हिरॉइन, सायकल, बस्स.”

मी लिहिलं, “आणि वाघ.”

गटात हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. सिनेमात वाघ नाही, वाघाचा विषय नाही, सासऱ्याच्या घरी मांजरसुद्धा नाही. पण लहानपणी मी ते कव्हर हातात घेतलं होतं. सायकलच्या मागे वाघ होता, जबडा उघडून. मी इरेला पेटलो. वाघ दाखवला नाही तर माझ्याकडची पत्र्याच्या डब्यातली एक दुर्मीळ चार डिस्कची पेटी मालतीताईंना देईन, असं लिहून मोकळा झालो. गटाचा नियम स्पष्ट आहे: कंपनीने छापलं तेच मूळ, वर काही चिकटवलं, रंगवलं, खरवडलं, तर तो कचरा. हा नियम मीच लिहिला होता.

ते कव्हर मी तिरोड्यात पाहिलं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची नेमणूक चोरखमारा तलावावर होती. तिरोड्याच्या बाजारातल्या रहांगडाल्यांच्या व्हिडिओ लायब्ररीतून आम्ही कॅसेट आणायचो. निघताना बाबांना विचारलं, “तो वाघ तुम्हाला आठवतो ना?”

“नाही,” बाबा म्हणाले. प्रश्न संपायच्या आतच म्हणाले. “आणि एवढ्याशासाठी कशाला जातोस? जातोच आहेस तर तलावाच्या पाळीचा फोटो आण.”

नाशिकहून रात्रभराचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरलो. एक सूचना: तिरोड्याला जायचं असेल आणि तुमची गाडी तिथे थांबत असेल, तर तिथेच उतरा. मी शहाण्यासारखा पुढे गोंदियाला गेलो, लॉजवर सामान टाकलं आणि मग आलो त्याच रुळांवरून मागे फिरलो. स्टेशनसमोरच्या त्या लॉजच्या काउंटरवरचा माणूस उत्साहात होता.

“नागझिरा जाना है? जिप्सी करवा दूँ?”

“नहीं. एक कैसेट का कवर देखना है.”

त्याने माझं आधार कार्ड परत मागून घेतलं आणि या वेळी दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं.

तिरोड्यात आधी पोहे खाल्ले. वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, प्लेट तीस रुपयांच्या आत, आणि नाकातून पाणी. मग बाजारात लायब्ररी शोधली. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

“रहांगडाले व्हिडिओवाले? ते त कवाचेच आमगावले गेले, पोराजवळ. तुमाले कायले पायजेत?”

“त्यांच्याकडचं एक जुनं कव्हर बघायचंय.”

“त्याच्यासाठी आमगावले काऊन जाता? कव्हर त इथंच भेटते ना!” त्याने मोबाईलच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मी आणखी एक चहा घेतला आणि आमगावचा पत्ता लिहून घेतला.

उरलेल्या दुपारी रिक्षा करून चोरखमाऱ्याला गेलो. परतीसकट ठरवा, तिकडून रिकामी रिक्षा मिळत नाही. धानाची कापणी झालेली होती, वाटेत डांबरी रस्त्यावरच धान वाळत घातलेलं होतं, आणि रिक्षावाला त्याला वळसा घालून मातीतून गाडी काढत होता. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहिलो. पाणी लांबपर्यंत, पलीकडे जंगल. इथे बाबा सायकलवरून यायचे. मी फोटो काढून पाठवला. बाबांचं उत्तर आलं, “छान. आता परत ये.” मला जरा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमगाव. गोंदियाहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास, बसही मिळते. रहांगडाले काका सत्तरी ओलांडलेले, अंगात स्वेटर, अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते. मी काम सांगितलं. त्यांनी लसणाचं सूप बाजूला सारलं.

“कव्हर पाहाले नाशिकवरून आले तुमी? घरचे काई बोलत नाईत?”

आतून पाच जाडजूड वह्या आल्या. तेव्हाच्या लायब्ररीत कॅसेट मागे फळीवर साध्या डब्यात असायच्या आणि कव्हरं अशा वहीत. गिऱ्हाईक वही चाळून सिनेमा निवडायचं. कव्हरं भाताच्या खळीने चिकटवलेली होती. भाताच्या खळीने! आमच्या गटात कव्हराला बोट लागू नये म्हणून सुती मोजे घालणारे लोक आहेत. त्यांना ही वही दाखवली असती तर दोघे-तिघे जागीच आडवे झाले असते.

पहिल्याच पानावर एका संतपटाच्या कव्हरवर हेलिकॉप्टर होतं. पुढे एका कौटुंबिक सिनेमात सासूच्या डोक्यामागे नाग. मी पान मागे उलटलं.

“काका, हे हेलिकॉप्टर?”

“म्याच चिकटवलो. सिनेमा चालत नव्हता. काई देखावा पायजे ना लोकायले!”

“मग लोक भांडायला नाही यायचे?”

“येत ना. मी सांगू, तुमी झोपले असान तवा येऊन गेलं.”

तिसऱ्या वहीत मधोमध तो होता. पिवळी पार्श्वभूमी, हिरॉइन, सायकल आणि मागे जबडा उघडून वाघ. मी आनंदाने ओरडलो. काकांची सून भाकरी थापता थापता दारात येऊन बघून गेली. मग मी बोट फिरवलं आणि वाघाच्या पाठीवर कागदाची कड लागली.

“हाही तुम्हीच चिकटवलेला?”

“चिकटवला म्या, पन वाघ माह्या नाई. हा त पाटबंधाऱ्याच्या नाईक साहेबानं आनून देल्ला. हापिसातल्या जुन्या कॅलेंडरचा.”

मी नाईक. बाबाही अर्थातच नाईक.

काका रंगात आले. “त्यायचं पोरगं लय जिद्दी. वाघाचाच सिनेमा पायजे म्हनून दुकानात लोळून राहिलं होतं. आन् साहेबाले हाच पायजे होता. दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच आले, खिशातून वाघ काढला, म्हनाले, रहांगडाले, एवढा लावून द्या. संध्याकाळी पोराले घेऊन आले आन् वही उघडून दाखवली. पोरगं खूश!”

“काका, ते पोरगं मीच.”

काकांनी माझ्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं. “आता नाई ना लोळत?”

मग सगळं आठवलं. भाड्याचा व्हीसीआर, सतरंजी, आणि मी. दर दहा मिनिटांनी मी विचारायचो, वाघ कधी? बाबा म्हणायचे, आता येईल. सायकल विहिरीत पडली तेव्हा मी एवढा हसलो की वाघाचं विसरूनच गेलो. मग परत आठवलं, परत विचारलं. असा मी आयुष्यातला पहिला जुना सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, आणि मग ते वेडच लागलं. चाळीशी उलटल्यावर कळत होतं की हे सगळं फसवून सुरू झालं होतं.

काकांनी वहीचं पान ओलं करून कव्हर अलगद सोडवलं. पैसे घेईनात. “तुमच्या घरचाच वाघ हाय. न्या.” जेवूनच सोडलं: भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. लाखोळीची डाळ तिकडे गेलात तर नक्की खा, आपल्याकडे मिळत नाही.

परतीच्या गाडीत मी कव्हराचा मोबाईलवर फोटो काढला. समोरून काढला तर कड अजिबात दिसत नव्हती. वाघ छापल्यासारखा दिसत होता. पत्र्याचा डबा वाचत होता, गटाची तोंडं बंद होत होती. नागपूर येईपर्यंत मी तो फोटो पाठवायच्या बटणावर तीनदा बोट ठेवलं. मग खिडकीशी धरून तिरक्या उजेडात दुसरा काढला, कड स्पष्ट दिसेल असा, आणि सगळी हकिकत लिहून पाठवून दिला. कॅलेंडरसकट.

गटाने नियमाप्रमाणे निकाल दिला: कचरा. घरी पोचल्यावर पत्र्याचा डबा नीट बांधून कोल्हापूरला रवाना केला. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी मालतीताईंचा वेगळा निरोप आला, गटाबाहेर. “डबा मिळाला. परत पाठवते. बदल्यात तो वाघ मला द्या. असं कव्हर जगात एकच असेल.”

मी कव्हर घेऊन बाबांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि दोन्ही हातांनी धरून पाहिलं. चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही.

“शेपूट कापली रहांगडाल्यांनी,” बाबा म्हणाले. “मी सांगितलं होतं, वळण सांभाळा म्हणून. कात्री चालवायला घाई केली.”

“बाबा, पण वाघ कशाला? मला दुसरी कुठलीतरी कॅसेट द्यायची आणि तुमची तुम्ही बघायची.”

बाबांनी कव्हर उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “लग्नानंतर मी आणि तुझी आई पहिल्यांदा बघायला गेलो तो हा सिनेमा. तू दुकानात लोळलास तेव्हा ती नाशिकला होती, आजीच्या आजारपणात. मला एकट्याला बघायचा नव्हता.”

आई जाऊन चार वर्षं झाली. मी मालतीताईंना ‘नाही’ एवढंच लिहिलं आणि काळ्या पेटीतली डिस्क लावली. बाबा दुपारी जेवण झालं की आडवे होतात. त्या दिवशी सिनेमा संपेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले.