बाबांचं दुसरं खडप

आमच्याकडे गरीने मासे गरवणारा माणूस भावाला पोटभर जेवू घालील, पण मासे कुठे लागले ते सांगायचा नाही. तांबोशी मासळी असते पाण्याखालच्या खडपावर, म्हणजे खडकावर, आणि ते वरून दिसत नाही. बाबा किनाऱ्यावरच्या खुणा धरून ते शोधायचे. देवळाचा कळस मोडक्या माडाच्या रेषेत आला पाहिजे, आणि त्याच वेळी मिठबावकडचा डोंगर कड्याआडून पुढे सरकला पाहिजे. दोन्ही जुळलं की गरी सोडायची. कोणी मागून येतंय असं वाटलं तर होडी मुद्दाम भलतीकडे न्यायचे.

मला कंटाळा. एवढं कोण लक्षात ठेवतो? मी फोनवर एक ॲप घेतलं, फुकटचं. नकाशावर जागा एकदा दाबून ठेवली की पुढच्या वेळी फोनच नेतो. सुरुवातीला त्याने काय काय विचारलं, मी सगळ्याला हो म्हटलं. वाचतंय कोण! माशांचे फोटोसुद्धा टाकले.

त्याच मोसमात एका सकाळी बघतो तर आमच्या खडपावर आठ बोटी. आयत्या बिळावर नागोबा! दोघांनी तर जाळीच सोडली होती.

"कोणाक सांगलंस रे?" बाबांनी विचारलं.

"कोणाक नाय, बाबा."

खरंच सांगितलं नव्हतं. नंतर एका बोटवाल्याने मला तेच ॲप उघडून दाखवलं. आमच्या खडपावर लाल ठिपका, खाली माझ्याच तांबोशीचा फोटो. शरमेने मेलो. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

बाबांचं आणखी एक खडप होतं. वर्षभर ते तिथे एकटेच गेले. मग गुडघे गेले, तेव्हा म्हणाले, "फाल्या चल, दाखवतंय. फोन घराकडे ठेव."

दुसऱ्या दिवशी निघताना नाही ठेवला. खिशात दडवला. सवयीने नव्हे, खोटं कशाला बोलू? वाटलं, खुणा ध्यानात राहायच्या नाहीत. हळूच जागा दाबून ठेवू, या वेळी कोणाला दिसू देणार नाही. बंदर मागे पडलं आणि मेला फोन खिशात वाजला.

"होडी परत घे," बाबा म्हणाले. मी रडलो, फोन दर्यात टाकतो म्हणालो. टाकला मात्र नाही.

शिमग्याआधी बाबा गेले. ते दुसरं खडप आता कोणालाच ठाऊक नाही. मी अजून पहिल्यावरच जातो, उरलंसुरलं गरवायला, त्याच ॲपवर बघून. त्याच्या खुणासुद्धा नुसत्या ऐकून ठाऊक; त्या पाण्यावर जुळवायला मी कधी शिकलो नाही.