मॅथेमॅटिक्स आर

मी ‘मॅथेमॅटिक्स आर माय सब्जेक्ट’ म्हणाले आणि खोलीतली सगळी माणसं हसली.

शाळा समितीचे अध्यक्ष मोठे बागायतदार. नारळ-सुपारीच्या वाड्यांचे मालक. ते टेबलावर पुढे वाकले.

“आर? किती आहेत गं? टोपलीत घालून आणलीस काय?”

पुन्हा हसू. माझी आय कोळीण. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती यांच्याच आळीतून ओरडत जायची. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“मॅथेमॅटिक्स इज,” शेजारचे वकील म्हणाले. “शेवटी एस आला म्हणून अनेकवचन होत नाही, बाई. एवढं कळत नाही आणि आठवीला गणित शिकवणार?”

मी सरांकडे पाहिलं. आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर. कडेच्या खुर्चीत बसले होते. तेही हसत होते. रुमालाने डोळे पुसत हसत होते.

ते वाक्य मला सरांनीच शिकवलं होतं.

मी त्यांचीच विद्यार्थिनी. शाळा सुटली की त्यांच्या ओटीवर भूमिती शिकायला बसायचे. घरात कधी बोलावलं नाही, मलाही कधी आत जावंसं वाटलं नाही. ओटीवर काटकोन होते, वर्तुळं होती, मला तेवढं पुरत होतं. “गणिताला जात नसते, पोरी,” सर म्हणायचे. माझा त्यावर विश्वास बसला. पुरता बसला. त्यांच्या सांगण्यावरून मी मुंबईला मामाकडे राहून इंटर सायन्स केलं. शाळेत गणिताची जागा निघाली तेव्हा त्यांनीच बोलावून घेतलं. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती, पण मुलाखत इंग्रजीतच व्हायची. म्हणून त्यांनी माझ्याकडून उत्तरं घोकून घेतली.

तेव्हा मी विचारलं होतं, “सर, गणित तर एकच ना? मग आर कसं?”

सर चिडले. “शेवटी एस दिसत नाही? इंग्रजी तू मला शिकवणार?”

मी ‘आर’च घोकलं. सर म्हणजे सर. चुकणार कसे?

आता त्या खोलीत मी मराठीत म्हटलं, “सर, हे तुम्हीच सांगितलंत.”

हसू थांबलं. अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सरांनी रुमालाची घडी घातली.

“मी असं कसं सांगेन?” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. “मुलगी हुशार आहे हो. पण शेवटी घरचं वळण. कोळीवाड्यात इंग्रजी कुठून येणार?”

अध्यक्षांचा टोला मला नवा नव्हता. तसले टोले ऐकतच मी वाढले होते. हा मात्र ओटीवरून आला होता.

अध्यक्षांना माझी दया आली असावी. म्हणाले, “मुलींना शिवण शिकवायला घेऊ तुला. गणिताचं पुढे बघू.”

“घे,” सर म्हणाले. “मेहेरबानी समज.”

“न्हाय,” मी म्हणाले. शाळेत हा शब्द तोंडून गेला की छडी बसायची. मी तो पुन्हा म्हणाले. “न्हाय. मी गणितासाठी आले.” आणि उठले.

दोन दिवसांनी सर कोळीवाड्यात आले. पहिल्यांदाच. आम्ही अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होतो. त्यांनी नाकाला रुमाल लावला, मग लक्षात येऊन काढला. आयने लगबगीने पाट मांडला. ते बसले नाहीत.

“माझी अडचण समजून घे,” ते हळू आवाजात म्हणाले. “हेडमास्तरला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर समितीने मला ठेवलं असतं? तू येऊन अध्यक्षांना सॉरी म्हण. शिवणाची जागा अजून आहे.”

म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं.

“चुकीचं शिकवलंत, त्याचं काही नाही,” मी म्हणाले. “पण तुम्ही हसलात का?”

सर गोंधळले. त्यांना हे अपेक्षित नव्हतं.

“सगळेच हसत होते,” ते म्हणाले.

आय मध्ये पडली. “पाया पड गो पोरी. मास्तर चालून आलाय दारात. तुझा काय जाताय?”

आयला मी कधी उलटून बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. फक्त वाकले नाही. सर निघून गेले. आयने पाट उचलून आत नेऊन आपटला. आमच्या घरात पगार येणार होता, तो माझ्या ताठ मानेपायी गेला, असं तिला वाटलं. तिचं चुकलं नव्हतं.

पुढच्या जूनला तीच जागा पुन्हा निघाली. मी अर्ज केला. मला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी केला, तेव्हाही नाही. मी खाडीपलीकडच्या शाळेत लागले, गणितच शिकवायला, आणि तिथून तिसरा अर्ज धाडला. लोक म्हणाले, मिळाली ना नोकरी, आता कशाला?

कशाला म्हणजे? त्यांना दर वर्षी माझं नाव वाचावं लागतं. दर वर्षी मला नाकारावं लागतं. एक दिवस बोलावतीलच. विचारतील, कुणाकडे शिकलीस. सर समोर असले तरी मी त्यांचं नाव घेईन, त्यांनी काय शिकवलं ते सांगेन, आणि शिवण मागणार नाही.