लपवाचा का नाचाचा

मुलांनो, परवाच्या फोटोत तुमची नाकं सरळ, दात एका ओळीत आणि गाल गुळगुळीत दिसले. फोननेच सुधारून दिले म्हणे. मी तुम्हाला ओळखलं नाही. म्हणून साकोलीच्या आमच्या टेलर मास्तरांबद्दल आजच लिहायला बसले.

मास्तर उजव्या बाजूचं माप लिहून घेत आणि म्हणत, "आता इकडची बाजू पाहू." बाकीचे टेलर एकाच बाजूवर भागवत. मास्तरांचा एक पाय आखूड होता. त्यांच्या पँटचे पाय दोन लांबीचे असत, पण ते उभे राहिले की दोन्ही जमिनीपासून सारख्याच अंतरावर.

मी शाळेत इंग्रजी शिकवायची. फळ्यावरची माझी ओळ पट्टीने आखल्यासारखी असे. ब्लाउज शिवायला टाकला त्या पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "मॅडम, डावा खांदा उतरून राहिला तुमचा."

"काहीतरीच! माझे खांदे सारखे आहेत."

"असतीन. टेपच खोटं बोलत असन."

मी रागाने दुसऱ्या टेलरकडे गेले. त्याने दोन्ही खांदे आदराने सारखे कापले. मग शाळेत शिस्तीवर भाषण देताना मी पूर्ण वेळ एका हाताने ब्लाउज सावरत होते. पुढच्या आठवड्यात मुकाट्याने मास्तरांकडे परत. त्यांनी नुसती टेप झटकली.

माझी लेक, म्हणजे तुमची आई, तेव्हा अकरावीत होती. लहानपणी मोडलेला तिचा डावा कोपर वाकडाच जुळला होता. गॅदरिंगच्या नाचात तिला पुढच्या रांगेत घेतलं, तर घरी येऊन म्हणाली, "मी नाव काढते. हात दिसेल." मी तोडगा काढला, मनगटापर्यंत बाहीचा ब्लाउज.

दुकानात मीच बोलत होते. मास्तरांनी तिला हात वर करायला लावला आणि विचारलं, "पोरी, लपवाचा शिवू का नाचाचा?"

"लपवायचाच," मी म्हणाले.

"तुमाले कोणं विचारलं, मॅडम? तुम्ही नाचून राहिल्या का?"

तुमची आई खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "नाचायचा."

त्यांनी बाही कोपराच्या वरच थांबवली आणि हात मोकळा वर जावा म्हणून काखेत जास्तीचं कापड दिलं. स्टेजवर बाकी मुलींचे हात सरळ वर गेले. तिचा डावा कोपरात वळून, फांदीसारखा गेला. रांग बिघडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती नीट करावीशी वाटली नाही.

मास्तर तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुमच्या आईचा तो ब्लाउज माझ्या कपाटात आहे. रंग उडाला आहे. काखेतली शिवण शाबूत आहे.