रॉकेटला बांधलेला कोळसा

बोथ गावच्या बाजारात उद्धवरावांचं कापडाचं दुकान होतं, पण निम्मं चित्त कायम आभाळात. गिऱ्हाईक परकराचं कापड मागायचं आणि हे हातात गज धरून ढगांकडे बघत राहायचे. तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ते जिवापाड जपत. त्या नळ्यांची रॉकेटं व्हायची. गावाने त्यांना केव्हाच येडं ठरवलं होतं. गावाला दुसरं येतं तरी काय!

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत त्यांचं रॉकेट गोठ्याच्या उंचीला गेलं, तिथेच गिरकी घेतली आणि शेजारच्या मारोतरावांच्या कडब्याच्या गंजीत घुसलं. गंजी जळाली. बायको पंचफुलाने तुळशीसमोर त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, "अजून एकडाव उडवा. तेबी वाकडं गेलं, त मंग या घरात नळी दिसली नाई पायजे."

उद्धवरावांनी मान डोलावली खरी, पण जड मनाने. दिवसभर गजाने कापड मोजणाऱ्या माणसाला तेवढं एकच सुख होतं.

ज्वारी निघाली, रान मोकळं झालं. नवं रॉकेट कमरेएवढं होतं. पांगाऱ्याच्या लाकडाचं पोकळ नाक, शेपटाला पातळ फळीचे पंख. पारखायची त्यांची रीत साधी होती. रॉकेट जिथे तोललं जातं तिथे गोफणीची दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर सरळ उडणार. आदल्या दिवशी ते नाक पुढे काढून असं डौलात फिरलं, की उद्धवराव झोपेतही हसत होते.

फटफटताना, दवात भिजलेल्या धसकटांत उभं राहून त्यांनी कालच्याच दोरीने पुन्हा फिरवून पाहिलं. रॉकेट आडवं झालं, भेलकांडलं आणि शेपूट पुढे करून फिरू लागलं.

खाली घेऊन पाहतात तर पंखांच्या मधोमध, काळ्या दोऱ्यात, लिंबू, बिब्बा आणि मुठीएवढा कोळसा. गाडीच्या मागे बांधतात तसा. कोळसा पंचफुलाच्या भावाने बेल्लमपल्लीच्या खाणीतून आणलेला. पहाटे तिनेच गुपचूप बांधला होता.

दोरा तोडून टाकणं सोपं होतं. पण आजवर रॉकेटला बोटही न लावणाऱ्या बायकोने ते पहिल्यांदा आपलं मानलं होतं. उद्धवरावांचा हात काही उठेना.

"अवं," ते बांधावर उभ्या पंचफुलाला हळूच म्हणाले, "मागं वजन झालं का ते उलटून राह्यलं."

पंचफुला जराशी ओशाळली. मग पदर खोचून जवळ आली. "मंग पुढं ठेवा ना! नजर काय मागून लागते?"

उद्धवराव तिच्याकडे बघतच राहिले. नाक उघडून तिने कोळसा, बिब्बा, लिंबू आत ठासलं आणि चिंधीचा बोळा लावला. तोल पुढे सरकला, तशी दोरीही त्यांनी पुढे सरकवली. फिरवलं, तर रॉकेट ओढ लागलेल्या बैलासारखं नाकासमोर निघालं.

मग वात पेटली. कुंपणापलीकडे मारोतराव पाण्याची बादली घेऊन उभे होते. रॉकेट सरसरत वर गेलं, धुराची सरळ रेघ ओढत, कोवळ्या उन्हात ठिपका झालं आणि दिसेनासं झालं. उद्धवरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

पंचफुला अजून वरच बघत होती.

"आयका ना," ती म्हणाली, "भावाले यावेळी जरा मोठा कोळसा आणाले सांगतो मी."