एकशे चोवीस ठोके

माझ्या नवऱ्याचं हृदय बिघडलंय, हे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी स्वतः मोजून सिद्ध केलं होतं.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि नव्या कचेऱ्या म्हणजे नवे शिपाई! अहमदपूरजवळच्या आमच्या गावात पोस्टमन आला आणि आमच्या ह्यांच्या हातात सरकारी लिफाफा देऊन गेला. घरातली पहिली सरकारी नोकरी! मामांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) ते पत्र बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवलं आणि कुणाला हात लावू देईनात. अट एकच होती. पंधरा दिवसांत लातूरच्या सरकारी दवाखान्यातून तब्येत ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट आणायचं. नाही आणलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"त्यात काय मुश्किल हाय?" हे म्हणाले. "मला कदी साधा ताप बी आला न्हाई."

इथं मी तोंड घातलं. मी मॅट्रिक पास, शिवाय गावाच्या आरोग्याचं काम करायचं म्हणून दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेली. येऊन महिना झाला होता, तरी गावातला एकही पेशंट माझ्याकडे फिरकला नव्हता. आता घरातच एक सापडला! "थांबा," मी म्हटलं, "आधी मी तपासते."

मग सगळ्यांना बसवून मी समजावून सांगितलं. छातीत मुठीएवढं हृदय असतं. ते आवळतं, रक्त पुढं ढकलतं, सैल होतं, परत भरतं. त्याचा धक्का पार मनगटापर्यंत येतो, तीच नाडी. मिनिटाला बहात्तरच्या आसपास ठोके पडतात. साठ ते शंभर चालतं. शंभरच्या वर गेलं की गाठा दवाखाना.

"झोपल्यावर बी चालू?" मामांनी विचारलं.

"हाव."

"मग सुट्टी कदी?"

"न्हाईच."

"अगं बया!" आत्या (माझ्या सासूबाई) कळवळल्या. "दुष्काळी कामावर बी भाकरीला सुट्टी देतेत की गं!"

दुष्काळाचंच वर्ष होतं ते. गावातल्या विहिरी आटलेल्या. गावाबाहेरच्या एका विहिरीत टँकर पाणी ओतायचा, तिथून आम्ही घरी आणायचो. हे सायकलला दोन घागरी अडकवून आणायचे, मी डोक्यावर आणि कमरेवर. आत्यांचे गुडघे गेलेले. त्या दिवशीही मी भरलेल्या घागरी नुकत्याच उतरवल्या होत्या. पदरानं घाम पुसला, ह्यांचं मनगट धरलं, लग्नातलं घड्याळ समोर ठेवलं आणि मोजलं. एकशे चार!

आत्यांनी तोंडाला पदर लावला. "कायतरी चुकलं असंल," हे म्हणाले. मी परत मोजलं. एकशे दोन. "बघा," मी म्हटलं, "खोटं बोलायला मला काय हौस हाय?"

मग माझ्या हाताखाली इलाज सुरू झाला. पहिला हुकूम: चहा बंद. दुसरा: सायकल बंद. तिसरा: पाण्याला जायचं नाही, पडून राहायचं. ह्यांच्या खेपाही मी घेतल्या. दिवसाला दहा खेपा झाल्या, पण नवऱ्याच्या जिवापुढं खेपांचं काय घेऊन बसलात! शेवटची खेप टाकली की पाय धुवायच्या आधी मी नाडी बघायची. चौथ्या दिवशी एकशे दहा. सातव्या दिवशी एकशे सोळा. माणूस बाजेवरून उठत नाही आणि नाडी पळून राहिली!

"विश्रांती कमी पडून राहिली," मी निदान केलं.

म्हणून अंघोळीचं पाणीही मी काढून द्यायला लागले. शेजारच्या काशीबाई, शेतकऱ्याघरची बाई, जपून ठेवलेलं एकुलतं एक लिंबू घेऊन आल्या आणि सरबत पाजून गेल्या. आत्या कुजबुजत बोलायला लागल्या. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा खोकला दाबला. आणि ह्यांना, ज्यांना कधी ताप आला नव्हता, त्यांना आता जिना नसलेल्या घरात धाप लागायला लागली!

"शोभा," एक दिवस छातीवर हात ठेवून हे म्हणाले, "माझं काय झालं तर सायकल तुझ्या भावाला देऊ नको. लई रगडतो तो."

"असं अभद्र बोलू नका," मी रडत म्हटलं आणि घागर उचलून दहाव्या खेपेला निघाले. परत आले, मोजलं. एकशे चोवीस.

त्या दिवशी मी जेवलेच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी रोजच जेमतेम खायची. आधी पेशंट, मग मामा-आत्या, मग उरलं तर मी. पण तेव्हा भूक कुणाला होती? नोकरी जाईल याचं वाईट वाटतच होतं, पण एकविसाव्या वर्षी माझा माणूस जाईल या भीतीनं माझ्या हातापायातलं बळच गेलं होतं.

तेराव्या दिवशी मामा, हे आणि मी लातूरला निघालो. एसटीच्या फाट्यापर्यंत चालवायचं नाही असा माझा हुकूम, म्हणून चौघांनी ह्यांना बाजेसकट खांद्यावर घेतलं. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्यानं मुंडासं काढलं, हात जोडले आणि हळहळला, "कवा गेलं पोरगं?" ह्यांनी बाजेवर उठून बसत सांगितलं, "अजून न्हाई गेलो, आज्जा." म्हातारा वळला तो त्या वयात पळत सुटला.

दवाखान्यात एक जाडजूड, पिकल्या केसांच्या सिस्टर होत्या. त्यांनी ह्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं. "चौऱ्याहत्तर. छान आहे."

"न्हाई हो!" मी पुढं झाले. "चुकलं तुमचं. एकशे चोवीस हाय!"

सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. परत मोजलं. "चौऱ्याहत्तर."

"बाई, नीट बघा! मी बारा दिवस मोजून राहिले. ह्यांचं हृदय पार गेलेलं हाय!"

"शोभा!" मामा मागून दबक्या आवाजात ओरडले. "गप की गं! नोकरी चाललीय!"

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "तू याची बायको का यादीतल्या पुढच्या माणसाची बहीण?"

मला रडूच फुटलं. "नोकरी गेली तर जाऊ द्या," मी म्हटलं, "पण हे वाचले पाहिजेत. खोटं लिहून ह्यांना कामावर पाठवू नका."

सिस्टरचा आवाज एकदम उतरला. "बरं. तू कशी मोजतेस ते दाखव."

मी डोळे पुसले, ह्यांचं मनगट पकडलं आणि माझा अंगठा नाडीवर घट्ट दाबला.

"सोड त्याला. आता असंच हे टेबल धर."

"टेबल?"

"धर तर. आणि मोज."

मी टेबलाची कड अंगठ्याखाली दाबली. धक, धक, धक, धक... सरकारी टेबलाला नाडी होती! आणि ती ह्यांच्यापेक्षा जोरात पळत होती!

"अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो, पोरी," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून नाडी बोटांनी बघायची. ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. (आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.) नाडीचा तास चालू असताना केंद्राच्या हातपंपाला पाणी आलं होतं, आणि मी मागच्या दारानं घागर भरायला गेले होते. पुस्तकातलं चित्र बघून बाकीचं मी अंदाजानं शिकले.

मामा खो खो हसायला लागले. बारा दिवस दाबून ठेवलेला खोकलाही त्यातच बाहेर पडला. हे टुणकन उभे राहिले. पण सिस्टर हसत नव्हत्या. त्यांनी तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि मिनिटभर घड्याळ पाहिलं. माझी खालची पापणी ओढून बघितली.

"एकशे अठरा. अंगात रक्त नाही हिच्या. किती खेपा आणतेस पाण्याच्या?"

"दहा."

"आणि जेवतेस कधी?"

"उरलं तर," मी म्हटलं. मामांचं हसू थांबलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या बारा दिवसांत बाजेवरून एकदाही पाहिलं नव्हतं.

सिस्टरनी लोहाच्या गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि ह्यांना बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एकदम फिट आहात. तेव्हा पाणी तुम्ही भरायचं. आणि ही जेवल्याशिवाय तुम्ही जेवायचं नाही. कळलं?"

"हाव," हे म्हणाले. डॉक्टरांच्या सहीचं सर्टिफिकेट खिशात होतं, तरी परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत दुसरं काही बोललेच नाहीत. फाट्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "मला कळायला पायजे होतं, शोभा."

त्या सिस्टरचं नाव मी विचारलं नाही, त्यांनी माझं विचारलं नाही. पण त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्या वर्षी त्यांनी तीन बोटं टेकली नसती, तर बाजेवर कोण निघालं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. ह्यांनी तो शब्द आजवर पाळला. नोकरीवर जायच्या आधी पहाटे पाणी भरायचे, आणि माझ्या ताटात भाकरी पडल्याशिवाय घास तोडायचे नाहीत.

मीही पुढं बरीच वर्षं गावात आरोग्याचं काम केलं. मनगटावर बरोब्बर तीन बोटं ठेवून हजारो नाड्या बघितल्या. पण पेशंट दारात आला की आमचे हे बाहेर येऊन आधी त्याला धीर द्यायचे, "अजिबात घाबरू नका. आकडा चांगला निघाला तर तुमचा, वाईट निघाला तर हिचा!"